मूळ चित्रपटापेक्षा सरस

"चार वाजले का?" म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"वाजतील हो काका. काट्याला मागून ढकलू का?" लॉन्ड्रीवाला म्हणाला. इस्त्रीचा शर्ट त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. एकच शर्ट. पाच शर्ट एकदम दिले तर हा माणूस आठवड्यातून एकदाच येईल, म्हणून म्हातारा रोज एकच देत असे.

"याच्या कॉलरमधली लाल माती काही सुटत नाही बरं का. गेल्या वर्षी पाच महिने बहिणीकडे हवापालटाला गेला होतात, तेव्हाची आहे. रस्ते नाहीत का त्यांच्या गावाला?"

"कच्चे आहेत. फोन घे हातात."

परवाच म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती आणि वाचून दाखवणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी त्यानं एक वेस्टर्न काढला होता. घोडे, बंदुका, बापाच्या खुन्याला शोधत निघालेला एक तरुण. सिनेमा धो धो चालला, पुरस्कार मात्र हुकला. आता त्याचा रिमेक आला होता. दिग्दर्शक म्हणून नाव होतं त्याच्या मुलाचं. आज दुपारी समीक्षकांसाठी पहिला खेळ झाला. चारपर्यंत कुणी इंटरनेटवर चकार शब्द लिहायचा नाही, अशी अट होती.

मुलाचे आधीचे दोन्ही सिनेमे साफ आपटले होते. याला पुरस्काराच्या चर्चेत जागा मिळाली नाही तर पुढचा मिळणार नाही, असं निर्मात्यानं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

४.०१
_पहिला अर्धा तास कुणी बोलत नाही. आणि तरी कुणी खोकलंसुद्धा नाही._

"हे चांगलंय का वाईट?"

"चांगलं आहे. पुढे."

४.०४
_घोडे छान आहेत._

"हा माणूस बहुतेक घोड्यांसाठीच गेला होता," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

म्हातारा हसला नाही.

४.०९
_मूळ चित्रपटापेक्षा कितीतरी सरस. पोराला…_

लॉन्ड्रीवाला थांबला. "पुढे जाहिरात आहे."

"वाच."

"अहो, साबणाची जाहिरात आहे."

"मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे. वाच म्हटलं ना."

लॉन्ड्रीवाल्यानं घसा साफ केला.

_पोराला या वयात जे कळलं, ते बापाला कधीच कळलं नव्हतं. बापाचा सिनेमा म्हणजे नुसता दारूगोळा._

वाक्य म्हाताऱ्याला लागलं. खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

"लोकांना काय, जिभेला हाड नाही," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "पण काका, राग मानू नका, एक विचारू? आज तुम्हाला बोलावलं नाही?"

"नाही."

"सख्ख्या बापाला?"

बापलेकांचं बोलणं नाही, असं मध्यंतरी एका मासिकात छापून आलं होतं. ते म्हाताऱ्यानं खोडून काढलं नव्हतं. मुलानंही नाही.

४.२२
_जुन्या सिनेमात नायक लाथ मारून दार फोडतो, सहा गोळ्या झाडतो, बँड वाजतो. इथे तो आत जातो, दार लागतं आणि कॅमेरा बाहेरच उभा राहतो. लाल माळरान, बंद दार. मी अजून त्या दारासमोरच उभा आहे._

४.२३
_शेवट कळला नाही. मशीन बंद पडलं होतं का?_

४.३१
_एक सुचवू? पुरस्कार मिळाला तर पोरानं बापाचे आभार मानू नयेत. त्यांनी फक्त काय करू नये ते दाखवलं._

"बास झालं," लॉन्ड्रीवाल्यानं फोन पालथा घातला. "मी नाही वाचत असलं."

"यादी आली की सांग. पाचला येणार आहे."

यादी सहा मिनिटं उशिरा आली. पुरस्कारांच्या शर्यतीत कोण कुठे आहे, याचा जाणकारांचा अंदाज दरवर्षी तीच सांगायची. लॉन्ड्रीवाल्यानं बोट फिरवत फिरवत खाली नेलं. छायाचित्रण, चौथा. पटकथा, नावच नाही. म्हाताऱ्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दिग्दर्शन…" लॉन्ड्रीवाला उठून उभाच राहिला. "काका! पहिला! पोरगा पहिला!"

"नीट बघ."

"नीटच बघतोय! एक नंबर! आता सोडा तो रुसवा. करा फोन त्याला."

"तो गडबडीत असेल. त्याला सवड झाली की करेल."

"मी थांबू का थोडा?"

"नको. दुकान उघडं टाकून आलायस तू."

लॉन्ड्रीवाला गेला. जाताना उद्याचा शर्ट बगलेत मारायला विसरला नाही. जिन्यावरची त्याची पावलं म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकली. मग त्यानं फोन मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. दिसत नसलं तरी थरथर कळली असती.

साडेपाचला कळली.

"बाबा," मुलगा कुजबुजत होता. मागे बरीच माणसं बोलत होती. "पत्रकारांनी घेरलंय मला. शेवटी कॅमेरा दाराबाहेरच का ठेवला, म्हणून विचारतायत. मी बाथरूमला म्हणून बाजूला आलोय. का ठेवला होतात हो तुम्ही?"

"लिहून घे," म्हातारा म्हणाला. "म्हणावं, आत जायची चूक वडिलांनी केली होती, ती मला करायची नव्हती."