टिचबटनांचा हूड

नांदेडच्या संघपालनं जुनी उघडी जीप घेतली. बायकोनं, लुंबिनीनं, मांडवाच्या जाड कापडाचा हूड शिवून दिला. "कवाबी काढता आला पाहिजे," अशी साहेबांची ऐट, म्हणून टिचबटनं लावली.

परवा भांडणात तो बोलून गेला, "ह्या घरात तुझं हाय तरी काय?"

लुंबिनीनं जरा विचार केला. मग बाहेर जाऊन पटापट टिचबटनं उघडली, हूड पोत्यात कोंबला आणि माहेरी जायला औशाची बस धरली.

भर मे महिन्यात संघपाल उघड्या जीपमधून तिला आणायला निघाला. औशाला पोचेस्तोवर तोंडाचं भरीत झालं होतं. अंगणात हूड ताणून बांधलेला, खाली सगळी सासुरवाडी चहा पीत बसलेली.

सासरा म्हणाला, "या जावईबापू, बसा सावलीत. लाजू नका, आमच्या लेकीचीच हाय."