फुगलेली बॅटरी

अरे ऐक तर नुसतं! मंदाकाकूंच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भालेरावाच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी फुगली. पठ्ठ्याने ती दाबून बसवायला वर मसाल्याचा पाटा ठेवला आणि काकूंच्या दाराशीच चार्जिंगला लावली!

“अहो, फुगलेली बॅटरी पेट घेईल. आत सासरे अंथरुणाला खिळलेत माझे,” काकू म्हणाल्या.

“तुमचं नाक तुमच्या घरात! हात लावलात तर बघा.”

तो कुलूप लावून गेला आणि तासाभरात काकूंना जळका वास आला. त्यांनी प्लग उपटला, बॅटरी घमेल्यात घालून मैदानात नेली आणि मागे पळाल्या, तोच ती धाडकन फुटली!

भालेराव आला तो ओरडतच, “हिनेच जाळली माझी बॅटरी!” शेजाऱ्यांनी काकूंनाच ती नेताना पाहिलेलं. आता सोसायटीने त्यांच्यापुढे माफीनामा ठेवलाय, सही करा म्हणतात. तू काय केलं असतंस रे?