कुरणेबाईंचं बोट

हसाल तर हसा, पण अडतीस वर्षं खडू धरून कुरणेबाईंच्या बोटांची कातडी कोरडी, टणक झाली होती आणि त्यावरच्या रेषा पार पुसल्या होत्या. शाळेतलं बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र त्यांना रोज गैरहजर ठरवायचं आणि बाई त्याच्यावर खेकसायच्या, "अरे, ही काय समोर उभी आहे!"

याच बाईंनी सहा वर्षं अर्ज करकरून वर्गासाठी डिजिटल फळा मिळवला. तो लागला नेमका त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. एक तास तरी त्यावर शिकवायचं, एवढीच त्यांची हौस होती.

पोरांनी बोट लावलं की रेघ उमटायची. बाईंनी बोट लावलं, पदराला पुसून लावलं, फुंकर घालून लावलं. फळा कोराच.

"बाई, जोरात दाबा की!"

"दाबतेय रे, मेल्या."

वर्ग हसला.

तेव्हा तिसरीतली तेजल खुर्चीवर चढली. पहिलीत बाई पाटीवर गिरवून घ्यायच्या, तसा तिनं बाईंचा हात धरला आणि त्यांच्या बोटाखाली आपलं बोट ठेवलं.

"हात ताठ नका धरू, बाई. सैल सोडा."

बाईंनी सोडला. फळ्यावर ठसठशीत 'अ' उमटला. वळण तेजलचं होतं.