मौनाचा सोमवार

श्रावणी सोमवारचं मौन धरलेल्या वसुधाताई दवाखान्यात खाटेशी उभ्या होत्या. खाटेवर त्यांचा अद्वैत निपचित पडला होता. ओठ निळे, श्वास अडखळत चाललेला.

"यानं काही नशा केली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भलतंच काय! आमच्या घरात विडीसुद्धा चालत नाही," वसुधाताईंचे यजमान म्हणाले. "उपासाचं बाधलं असेल."

तेवीस वर्षांत वसुधाताईंचं व्रत मोडलं नव्हतं. पण मुलाच्या व्यसनाबद्दलही त्या सहा महिने गप्पच होत्या, आणि ते काही व्रत नव्हतं. त्यांनी मनातच महादेवाची क्षमा मागितली.

"पावडर घेतो हो तो. पडला तेव्हा ही मुठीत होती," म्हणत त्यांनी पुडी पुढं केली.

"बरं झालं बोललात. यात काय भेसळ असते, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं." बाईंनी तातडीनं इंजेक्शन दिलं.

तासाभरानं अद्वैतनं डोळे उघडले. "आई, माझा मित्र विराज, त्यानंही यातलीच पुडी नेलीय. त्याला म्हणावं, हात लावू नकोस."

यजमानांनी फोन काढला. "नंबर सांग, बाळा."