अगदी शांत बाई

तंटामुक्त गावाची पाहणी करायला मुरबाडहून साहेब आले, तेव्हा समितीचा अध्यक्ष नथू यानं सगळ्यांत पुढे बसवलं ते सकुबाईला. त्याच्या चुलतभावाची विधवा. या माणसाच्या हुशारीला काय म्हणावं!

"साहेब, या आमच्या वहिनी. शेताला शेत लागून आहे, पण सात वर्षांत एका शब्दाचं भांडण नाय. अगदी शांत बाई."

साहेबांनी कागदावर 'शांत' असं लिहिलं. देवळात सतरंजीवर बसलेला गाव खाली बघत राहिला. भाताची कापणी झाली की नथू फावडं घेऊन आपल्या बाजूनं बांध कोरायचा आणि माती सकुबाईच्या शेतात टाकायचा. दर साली बांध वीतभर तिच्या शेतात सरकायचा. गावाला हे पक्कं ठाऊक होतं. पण तक्रार करायची तर अर्ज त्याच्याच हातात द्यायचा!

"बोला ना वहिनी, घाबरू नका," नथू म्हणाला. त्याला दोन गोड शब्द हवे होते, बस्स.

सकुबाई उठली. नथूच्या घरचं जेवून मिंधा न झालेला एक तरी साहेब समोर यावा, एवढ्याचीच तर ती वाट बघत होती.

"साहेब, ते शांत खोडा. शांत माणसाला झोप लागते. मला सात वर्सं धड लागली नाय. मी गप होते. गप लिवा."

"म्हणजे काय, बाई?"

"चला, दाखवते. आमच्या मालकांनी बांधाच्या अलीकडं जांभूळ लावली, आमच्या शेतात. आज ती भाऊजींच्या शेतात उभी हाय. झाड चालत जातं काय हो, साहेब?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग नथूच्या दुसऱ्या बाजूच्या शेताचा जैतू उठला. "साहेब, आमचा पण बांध बघा." त्याच्या पाठोपाठ भिमी उठली.

नथूचा चेहरा पांढराफटक पडला. बक्षीस मिळालं की सत्कार होईल म्हणून त्यानं कालच नवा सदरा शिवून आणला होता, तोच अंगात होता. तो सकुबाईजवळ सरकला आणि दात दाबून म्हणाला, "वहिनी, जरा शांत व्हा."

सकुबाईनं त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

"आता झाले," ती म्हणाली, आणि साहेबांच्या पुढे बांधाच्या वाटेला लागली.