शालनमावशींच्या पायांची आग

पायांची आग पाठवायला शालनमावशींनी आज औषधं विकणाऱ्या ढवळ्याच्या सत्काराची वेळ निवडली होती. कोर्टाने हक्कच दिला होता. ज्याने औषधाच्या नावाखाली अपायकारक गोळ्या गळ्यात मारल्या, त्याच्या पायांत रोज पाव तास त्यांची आग जायची. वेळ मावशींच्या मर्जीची. पायांना येणाऱ्या मुंग्यांवर ढवळ्याने गोळ्यांच्या एकदम तीन बाटल्या दिल्या होत्या. "वनस्पतीचं आहे मावशी, जास्त झालं तरी अपाय नाही." तिन्हींत बी-सहा जीवनसत्त्व ठासून भरलेलं होतं. त्याच्याच अतिरेकाने नसा पोळल्या.

मावशींनी आग पाठवायच्या, कोर्टाने दिलेल्या मनगटपट्टीचं बटण दाबलं, पण पाठवायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाटल्या बंद करून, रक्त तपासून, कमी पडलेलं तेवढंच बी-बारा दिलं होतं. आठ महिन्यांत आग विझली होती. मावशींना आनंदाऐवजी रागच आला. जुनी एक बाटली कपाटात होती. आग परत पेटवायला त्यांनी तिचं झाकण उघडलंसुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. "मावशी, आज अजून काही आलं नाही. बरं वाटतंय का?" ढवळ्याचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"तू आहेस कुठं?"

"स्टेजमागं. बर्फाच्या घमेल्यात पाय घालून बसलोय. नाव पुकारताहेत, पण उठायचा धीर होईना."

मावशींनी गोळ्या कचऱ्यात ओतल्या. "बस तसाच. कधीही पाठवीन."

"अहो, पण असं किती दिवस?"

"माझे पाय बरे होईस्तोवर," असं म्हणून मावशी अनवाणीच तुरूतुरू चहा टाकायला गेल्या.