नावाड्याचा शेवटचा फर्मा

"अहो, शेवटचा फर्मा द्या ना!" बाइंडरीण तिसऱ्यांदा म्हणाली.

"दाबाखाली ठेवलाय. कडा वर आल्यात," बाइंडर म्हणाला. "पुस्तकच आहे, पळून जात नाही."

नवं पुस्तक घरात आलं की दोघं ते आधी उसवत. सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, एकेक वाचून दुसऱ्याकडे सरकवायचा आणि सगळं संपलं की पुन्हा शिवून पुठ्ठ्यात बांधायचं. एका ताटात दोघांचं पोट भरे. ती भरभर वाचायची, म्हणून पहिला घास तिचा. नियम एकच: पुढचं सांगायचं नाही.

या महाकथेचे दोन भाग असेच फस्त झाले होते. त्यात राजे होते, राक्षस होते, बोलणारे डोंगर होते. पण बाइंडरचा जीव अडकला होता काळ्या नदीवरच्या एका म्हाताऱ्या नावाड्यात.

"हा आपला माणूस," तो म्हणे. "दोनदा वल्हं मारलं की दम लागतो."

दम त्यालाही लागत होता. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि तो आज-उद्या करत होता.

"तिसरा भाग संपू दे. नावाडी पलीकडे पोचला की मीही टेबलावर चढतो."

"आणि नाही पोचला तर?"

"मग बघू."

त्या 'मग बघू'मुळेच ती शेवटच्या फर्म्याच्या मागे लागली होती.

अखेर फर्मा मिळाला. दुकानाच्या दारात, उजेडाकडे पाठ करून तिने वाचला.

नावाडी बुडाला. ऐन मध्यावर, भोवऱ्यात. मग काठावर त्याची बायको आली. पोटभर रडली, डोळे पुसले आणि सकाळ होताच दुसरी नाव पाण्यात लोटून तिने हाक दिली, "चला, पलीकडे कोण कोण आहे?"

बाइंडरीण चिडली. दोन भागांत आणि तिसऱ्याच्या इतक्या पानांत नावाड्याला बायको असल्याचा शब्द नव्हता. ही आता कुठून उगवली?

"शेवटी लेखकाने घाई केली हो," ती म्हणाली.

बाइंडर सुईत दोरा ओवत होता. दोरा हुकला. "घाई असेल बिचाऱ्याला." त्याने दोऱ्याचं टोक पिळलं. "पण तुला आवडलं का?"

"मुळीच नाही."

"बरं," तो म्हणाला आणि दोरा पुन्हा ओला केला.

फर्मा तिने पुढे सरकवला नाही. "चहा सांडला त्यावर, वाळत घातलाय," म्हणाली. दुपारभर बसून बाकीचं सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि नावाड्याचं तेवढं नव्याने लिहिलं. मग नवऱ्याच्या भाच्याचा छापखाना गाठला.

"मामी, असाच कागद? हीच अक्षरं?"

"अगदी हीच. आणि मामांना कळता कामा नये."

भाचा हसला. मग कागद वाचता वाचता मान हलवू लागला. "तुम्ही दोघं म्हणजे ना..."

"काय आम्ही दोघं?"

"काही नाही. उद्या घेऊन जा."

तिच्या फर्म्यात बायको नावेतच होती. वल्हं मोडलं तेव्हा तिने हाताने पाणी कापलं आणि नवऱ्याला वाटभर फैलावर घेतलं: "मधेच मेलात तर याद राखा! गाठ माझ्याशी आहे!"

बाइंडरने तो फर्मा वाचला. फार सावकाश वाचला. पुन्हा पहिल्या पानावर गेला. तिच्याकडे बघत राहिला, इतका वेळ, की तिने उगाच खळीचा डबा धुवायला घेतला.

"पोचला का हो?"

"पुढचं सांगायचं नाही ना?"

"अहो, मी वाचलंय!"

"मग विचारतेस कशाला?" तो हसला, चष्मा काढून पुसला. "पोचला. बायकोने पोचवला. कर डॉक्टरांना फोन."

पुस्तक त्याने स्वतःच्या हाताने शिवलं, तो फर्मा अखेरीस घालून बांधलं, आणि मगच इस्पितळात गेला. ऑपरेशन चाललं तितका वेळ ती बाकावर बसून मनातल्या मनात पाणी कापत होती.

तो परत आला. अशक्त, पण खोड्या शाबूत.

पुढे एका सकाळी वाचनालयाने दुरुस्तीसाठी पुस्तकं पाठवली. त्यात तोच तिसरा भाग होता, वाचून वाचून पाठ मोडलेला. बाइंडरिणीने मान वळवून पाहिलं. आतल्या खोलीत तो पायांवर ऊन घेत झोपला होता. उठला, चाळायला बसला, तर नावाडी बुडालेला दिसायचा! तिने घाईने शिवण उसवली, शेवटचा फर्मा सोडवला आणि लपवण्याआधी एकदा उघडला.

नावाडी पलीकडे पोचला होता. नाव काठाला बांधून, दम खात, सुखाने एकटाच बसला होता.

तिने सोळाही पानं उलटली. मग मागून पुढे पुन्हा उलटली. बायको कुठेच नव्हती. 'तुला आवडलं का?' असं त्याने दोरा ओवताना का विचारलं होतं, ते तिला आता कळलं.